कट्टा कुठून आला, हे आधी विचारा

प्रश्न असा आहे : अमेरिकेत राज्यागणिक बंदुकीचे कायदे वेगळे, आपल्याकडे अख्ख्या देशाला एकच हत्यार कायदा. बेकायदा शस्त्रं रोखायला यातली कुठली पद्धत जास्त उपयोगी पडते? आणि रोज कुठे ना कुठे गावठी कट्टा सापडतोच आहे, तर महाराष्ट्राने स्वतःचा कडक कायदा का करू नये?

मी खानदेशात बरीच वर्षं सरकारी वकील होतो आणि आता बचावाच्या बाजूने उभा राहतो. हत्यार कायद्याच्या खटल्यांत दोन्ही खुर्च्यांवर बसून झालं आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

दुसऱ्या भागाचं उत्तर छोटं आहे : करता येणार नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत पाचव्या क्रमांकावर शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं आहेत. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याच्या यादीत. म्हणजे कायदा दिल्लीचा आणि दंडुका राज्याचा. हत्यार कायदा १९५९चा, अमलात आला १९६२ साली. त्याखालचे आजचे नियम २०१६चे. राज्याला त्याच्या आजूबाजूने बरंच काही करता येतं, महाराष्ट्राने ते केलंही आहे. त्याकडे नंतर येतो.

पहिल्या भागाबद्दल माझं म्हणणं असं की पकडलेली बंदूक बेकायदा नेमकी कधी झाली, हे कळल्याशिवाय कुठल्या कायद्याने ती अडली असती हे सांगता येत नाही.

अमेरिकेत पोलिसांनी पकडलेली बहुतेक प्रत्येक बंदूक जन्माने कायदेशीर असते. नावाजलेल्या कारखान्यात बनलेली, अंगावर क्रमांक, परवानाधारक दुकानातून विकलेली, पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव दुकानाच्या दप्तरात. वाट चुकते ती त्यानंतर. तिथला संघराज्याचा कायदा १९६८चा. १९९३च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणं बंधनकारक केलं आणि १९९८पासून ती तपासणी तत्काळ व्हायला लागली. पण एका खासगी माणसाने दुसऱ्याला स्वतःची बंदूक विकली, तर संघराज्याचा कायदा तपासणी मागत नाही. काही राज्यांनी ती फट बुजवली, काहींनी उघडी ठेवली. मग पाणी उतारालाच लागणार.

शिकागोचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात. "एवढा कडक कायदा असूनही तिथे गोळीबार थांबत नाहीत, म्हणजे कायदा निरुपयोगी," असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. त्या शहराने २०१७ साली पकडलेल्या बंदुकांचं मूळ शोधून अहवाल काढला. सुमारे ६० टक्के बंदुका इलिनॉय राज्याबाहेर पहिल्यांदा विकल्या गेलेल्या होत्या आणि एकट्या शेजारच्या इंडियानातून पाचव्या हिश्श्याहून जास्त. गाडीत बसलं की इंडियाना तासाभराच्या अंतरावर. न्यूयॉर्कची गत तीच. तिथे १९११पासून पिस्तुलाला परवाना लागतो, म्हणून माल दक्षिणेकडच्या राज्यांतून महामार्गाने वर येतो. व्हर्जिनियाने १९९३ साली नियम केला की एका माणसाला तीस दिवसांत एकच पिस्तूल विकत घेता येईल. त्यानंतर ईशान्येकडच्या राज्यांत पकडल्या जाणाऱ्या बंदुकांत व्हर्जिनियाचा वाटा घटल्याचं संशोधकांना आढळलं. तोच नियम २०१२ साली रद्द झाला आणि २०२० साली परत आला. एवढासा नियम कामाला का आला? कारण तिथली तस्करी बेनामी खरेदीवर चालते. स्वच्छ नोंद असलेला माणूस दुकानात जाऊन पाच-दहा पिस्तुलं उचलतो आणि गाडीच्या डिकीतून पुढे देतो. महिन्याला एकच मिळणार म्हटल्यावर धंद्यातला नफा संपतो. अशी बेनामी खरेदी आणि तस्करी संघराज्याच्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा झाली ती थेट २०२२ साली. तोवर खोटा फॉर्म भरल्याचा आरोप ठेवून वेळ मारून नेत असत.

तेव्हा अमेरिकेपुरतं उत्तर सोपं आहे. जिथे माल कायदेशीर दुकानातून वळतो, तिथे राज्याराज्यांतला फरक हीच तस्कराची कमाई असते आणि देशभर एकच किमान नियम असणं फार मोलाचं ठरतं. मेक्सिकोत तर देशाला एकच कडक कायदा आहे. नागरिकाला बंदूक विकत घ्यायची तर लष्कराच्या दुकानाखेरीज पर्याय नाही, आणि अशी दुकानं अख्ख्या देशात हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. तरी तिथे पकडून मूळ शोधलेल्या शस्त्रांपैकी सुमारे ७० टक्के अमेरिकेतून आलेली निघाली. २०१४ ते २०१८ या काळाचा हा आकडा अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षकांचा आहे. शेजाऱ्याचं दार उघडं असेल तर आपल्या दाराला तीन कुलुपं लावून भागत नाही.

आता आपल्याकडे या. कट्टा जन्मापासूनच बेकायदा. क्रमांक नाही, बिल नाही, पहिला मालक नाही. पार्श्वभूमी कुणाची तपासणार आणि महिन्याला एकाची मर्यादा कुणावर घालणार? जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा २०१७चा अंदाज असा की भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका आहेत आणि त्यातल्या नोंदलेल्या एक कोटीसुद्धा नाहीत. अंदाज थोडा इकडेतिकडे धरला तरी चित्र बदलत नाही. परवान्याच्या चौकटीबाहेर जे आहे ते चौकटीतल्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

बिहारातल्या मुंगेरला बंदुका बनवण्याची परंपरा मीर कासिमच्या काळापासूनची. अठराव्या शतकात त्याने राजधानी तिथे हलवली आणि शस्त्रांचा कारखाना उभा केला. आजही तिथे परवानाधारक कारागीर आहेत, आणि त्यांच्या सावलीत बिनपरवाना भट्ट्याही आहेत. आम्हा खानदेशवाल्यांना मात्र मुंगेर लांबचं. आमचं मुंगेर म्हणजे उमर्टी. चोपडा तालुक्याच्या वर, सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं गाव. आमच्याकडची माणसं त्याला 'पार उमर्टी' म्हणतात. तिथे शिकलगारांची वस्ती आहे. हत्यारं घडवणं आणि पाजळणं हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. इंग्रजांच्या १८७८च्या कायद्याने हत्यार बनवायला परवाना लागू झाला आणि असे पिढीजात धंदे आडरानात गेले. हे सांगायचं कारण एवढंच की सगळ्या समाजावर शिक्का मारण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. पुण्या-नगरातले कितीतरी शिकलगार कात्र्यांना धार लावून आणि कुलपं दुरुस्त करून पोट भरतात.

उमर्टीचा माल कच्चा नसतो. मॅगझीनवालं पिस्तूल, मुठीवर ठसा वगैरे, लांबून पाहिलं तर कारखान्यातलं वाटेल. मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात हत्यार कायदा अक्षरशः एकच, कलमं तीच, शिक्षा तीच. तरी फेब्रुवारी २०२५मध्ये चोपड्याचे पोलीस तिथे गेले तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला काही तास डांबून ठेवलं गेलं. पुढे नोव्हेंबर २०२५मध्ये पुणे पोलिसांनी मोठा फौजफाटा नेऊन तिथल्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. पुणे पोलिसांना पार सातपुड्यात जावं लागलं, यातच सगळं आलं. कायद्याला सीमा नाही; तपासाला आहे.

ही सीमा कोर्टात कशी दिसते ते सांगतो. फिर्याद जवळजवळ छापील असते. 'गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली की एक इसम बसस्थानकाच्या मागे विनापरवाना पिस्तूल बाळगून संशयितरीत्या फिरत आहे.' सापळा, दोन पंच, अंगझडती, कमरेला खोचलेलं पिस्तूल, मॅगझीनमध्ये दोन जिवंत काडतुसं. मग पोलीस कोठडीत आरोपी सांगतो की माल उमर्टीच्या एका इसमाकडून आणला, पूर्ण नाव-पत्ता माहीत नाही. दोषारोपपत्रात त्या इसमापुढे 'पाहिजे आरोपी' असं लिहिलं जातं आणि तो पाहिजेच राहतो. दहा-दहा वर्षांनी खटला निघतो तेव्हाही तो पाहिजेच असतो. मी चालवलेल्या खटल्यांत बनवणारा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्याचं एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. बाळगणारे मात्र शेकड्यांनी.

यात पोलीस आळशी असतात असं मुळीच नाही. दुसऱ्या राज्यात जायचं म्हणजे वरिष्ठांची परवानगी, गाडी, माणसं, तिथल्या ठाण्यात नोंद, अटक झालीच तर ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्या राज्यात आणायला तिथल्या कोर्टाची परवानगी. स्थानिक ठाण्यात नोंद केली की तासाभरात गाव रिकामं. नोंद न करता गेलं तर काय होतं ते चोपड्याच्या पोलिसांना विचारा असं सहज म्हणता येतं, पण गल्लीबोळ माहीत नसलेल्या डोंगरी गावात नोंद करून गेलं तरी फार वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही. आणि एका कट्ट्यासाठी एवढं कोण करणार? आकडेवारीत 'पिस्तूल जप्त, आरोपी अटक' एवढी नोंद तर झालीच ना.

बाळगणाऱ्याचाही खटला टिकतोच असं नाही. हत्यार कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे कलम ३च्या, म्हणजे विनापरवाना बंदूक बाळगण्याच्या, गुन्ह्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. ती कधी मिळतच नाही, कधी छापील नमुन्यावर नाव भरून येते आणि उलटतपासणीत कळतं की मंजुरीसाठी हत्यार कुणी पाहिलंच नव्हतं. पंच फितूर होतात, कारण ते चहाच्या टपरीवरून उचलून आणलेले असतात आणि आठ वर्षांनी त्यांना कोऱ्या कागदावर सही केल्याचं तेवढं आठवतं. माझ्या एका खटल्यात पंचनाम्यातली नळीची लांबी आणि प्रयोगशाळेच्या अहवालातली लांबी यात दोन इंचांचा फरक निघाला. पिस्तूल खरं होतं, आरोपीही बहुधा खरा होता, पण लाखेच्या सीलवरचा ठसाही जुळेना. सुटला. तेव्हा मी सरकारी बाजूला होतो आणि मलाच निकाल बरोबर वाटला. १ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय. पंच फितुरीचा खेळ त्याने थोडा कमी होईल अशी आशा आहे. बचावाचा वकील म्हणून मला ते गैरसोयीचं आहे, हेही कबूल करतो.

या पार्श्वभूमीवर हत्यार कायद्यातली २०१९ची दुरुस्ती वाचा. परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं. बिनपरवाना बनवणं-विकणं याला किमान सात वर्षं ते जन्मठेप. तस्करीला किमान दहा वर्षं. नुसतं बाळगण्याची शिक्षा एक ते तीन वर्षांवरून दोन ते पाचवर. लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. कागदावर भक्कम. पण दहा वर्षांचं कलम लावायला तस्कर हाती लागावा लागतो, आणि तो 'पाहिजे'. तिसरं हत्यार जमा करायला लावलं ते कुणाला? ज्याने आधीच सगळी नोंद केली होती त्याला. निवडणूक आली की आपल्याकडे असंच व्हायचं. सरसकट सगळ्या परवानाधारकांना बंदुका जमा करायला लावायचे. शेवटी गोव्याच्या एका प्रकरणात २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की छाननी करा आणि कारण असेल त्याचीच जमा करा. सरकारला दिसते ती कायदेशीर बंदूक, म्हणून जोर तिच्यावर.

एकच कायदा असला तरी राज्याराज्यांत फरक पडतो, तो परवाना देण्यात. २०१६अखेरचे केंद्रीय गृहखात्याचे आकडे पाहा : उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजार परवाने, महाराष्ट्रात ८४ हजार. लोकसंख्या पावणेदोन पट आणि परवाने पंधरा पट. जम्मू-काश्मीरमध्ये ३ लाख ६९ हजार, आणि त्यातच मोठा घोटाळा निघाला. २०१२ ते २०१६ या काळात तिथे दिलेल्या सुमारे २ लाख ७८ हजार परवान्यांची चौकशी सीबीआयकडे गेली; आरोप असा की पैसे घेऊन भलत्यांनाच परवाने दिले गेले. हे उघडकीला आणलं राजस्थानच्या एटीएसने. कॅश व्हॅनवर बारा बोअर घेऊन उभा राहणारा रखवालदार आणि त्याच्या खिशात दूरच्या जिल्ह्याचा परवाना, असं प्रकरण माझ्याकडेही आलं होतं. बंदूक खरी, शिक्का खरा वाटणारा, आणि त्या कार्यालयात माणसाची नोंदच नाही. आपल्याकडचा अमेरिकेच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार हाच : ढिलं राज्य परवाना देतं आणि बंदूक दुसऱ्या राज्यात मिरवते. प्रत्येक परवान्याला एकच ओळख क्रमांक देणारी राष्ट्रीय नोंद अशा प्रकारांवर उपाय म्हणून केली गेली आणि ती उपयोगी आहे.

एक उलटं उदाहरणही आहे. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा समाजाला हत्यार कायद्याच्या कलम ४१खाली परवान्यातूनच सूट आहे, ब्रिटिशकाळापासून. २०१९ साली केंद्राने ती आणखी दहा वर्षं वाढवली आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तिथे घरोघरी बंदूक असते, तिची पूजा होते, आणि कोडगू काही कट्ट्यांच्या तस्करीसाठी ओळखलं जात नाही. यावरून सगळ्यांना सूट द्या असं कुणी म्हणू नये. ज्या समाजात बंदूक कुणाची आहे हे गावाला माहीत असतं तिथे ती हरवत नाही, इतकंच.

आता महाराष्ट्राने आजूबाजूने काय केलं ते. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, १९९९चा. टोळीचं सातत्य दाखवता आलं तर कट्ट्याच्या गुन्ह्यातून टोळीप्रमुखापर्यंत जाता येतं आणि जामीन अवघड होतो. आता संघटित गुन्हेगारीचं कलम भारतीय न्याय संहितेतही आलं आहे, त्यात शस्त्रांची तस्करी स्पष्ट लिहिली आहे, त्यामुळे सीमेपलीकडच्या पोलिसांकडेही निदान तेच अवजार आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्यातली तडीपारी, ३७(१)चे मनाई आदेश आणि १३५ची शिक्षा, शिवाय एमपीडीए या राज्याच्या कायद्याखाली धोकादायक गुंडांची स्थानबद्धता. यातलं ३७-१३५ वर्तमानपत्रात रोज दिसतं, पण त्याचा कट्ट्यापेक्षा कोयत्यालाच जास्त उपयोग होतो. कोयत्याची गंमत अशी की हत्यार नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं हे हत्यार धरलं आहे, पण शेतीची आणि घरातली अवजारं त्यातून वगळली आहेत. ऊसतोड कामगाराच्या खांद्यावर तो अवजार आणि पुण्यात दुचाकीवरून फिरवला की हत्यार. अशा हत्याराला परवाना लागू करणारं हत्यार कायद्याचं कलम ४ तर अधिसूचनेने लागू केलेल्या भागापुरतंच, आणि ती अधिसूचना कोर्टात हजर करायला पोलीस हटकून विसरतात.

तडीपारीबद्दल माझं मत चांगलं नाही. जळगावातून तडीपार केलेला माणूस धुळ्यात जातो, आणि तिथून उमर्टी काही लांब पडत नाही.

राहता राहिलं ते काडतूस, आणि माझ्या मते खरी मान तिथे पकडता येते. पिस्तूल भट्टीत घडवता येतं, नळी लेथवर फिरवता येते. काडतूस सहसा गावात बनत नाही. त्याला पितळेची पुंगळी, स्फोटक कॅप, मोजून भरलेली दारू लागते. कट्ट्याच्या मुद्देमालात जे काडतूस येतं ते जवळजवळ नेहमी कारखान्यातलं असतं. आमच्या पंचनाम्यांत वर्षानुवर्षं एकच वाक्य : 'पेंद्यावर के एफ ७.६५ असे कोरलेले.' के एफ म्हणजे खडकीचा सरकारी दारूगोळा कारखाना, आपल्या पुण्यातला. कारखान्यातून माल कायदेशीर निघतो, परवानाधारक दुकानदाराकडे जातो, परवानाधारक गिऱ्हाइकाच्या परवान्यावर नोंद होऊन विकला जातो, आणि मग कुठेतरी कुणी सरावाला वीस उडवले असं सांगून पंधरा बाजूला काढतो. म्हणजे बंदूक जन्माने बेकायदा असली तरी तिच्या पोटातली गोळी अमेरिकेतल्या बंदुकीसारखीच जन्माने कायदेशीर असते. अमेरिकेचा धडा आपल्याला लागू पडतो तो इथे, आणि इथे कायदाही आधीच एकच आहे, राज्याराज्यांत भांडण नाही.

मात्र 'के एफ' वाचून पंचनामा संपतो. ते कुठल्या तुकडीतलं (बॅचमधलं), ती तुकडी कुठल्या दुकानात गेली, त्या दुकानाच्या नोंदवहीत ती कुणाच्या परवान्यावर विकली, हे विचारणारं पत्र कारखान्याला गेल्याचं मला माझ्या एकाही खटल्यात दिसलं नाही. खोक्यावर तुकडीचा क्रमांक असतो. सुट्या काडतुसावरून दुकानापर्यंत पोचता येईल अशी खूण असावी, अशी मागणी महाराष्ट्राने केंद्राकडे करायला काही हरकत नाही. तोवर राज्याच्या हातात दुकानांची तपासणी आहेच. सर्वोच्च न्यायालयाने बिनपरवाना शस्त्रांच्या प्रश्नावर २०२४ साली प्रत्येक राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितलं आहे. माझ्याकडे कुणी विचारायला आलं, तर मी त्या समितीला पहिल्या बैठकीत दोन याद्या मागवायला सांगेन : मागच्या पाच वर्षांत राज्यात कट्ट्यांबरोबर जप्त झालेल्या प्रत्येक काडतुसाच्या पेंद्यावर काय कोरलेलं होतं त्याची एक, आणि त्याच पाच वर्षांतल्या दोषारोपपत्रांमधल्या 'पाहिजे आरोपी'ची दुसरी, गावाच्या नावासकट. दुसऱ्या यादीत तीच चार-पाच गावं पुन्हा पुन्हा येतील.